वादळाची नाडी विजेच्या चमकांवरून कशी पाहावी

टेक्सास, ओक्लाहोमा किंवा कॅन्ससमध्ये नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्याच वसंतात एक अनुभव येतो. दुपारी तीनपर्यंत लख्ख ऊन असते. पाचच्या सुमारास पश्चिमेला कोबीच्या गड्ड्यासारखा एक ढग फुगायला लागतो. सात वाजता अंगणातल्या गाडीवर लिंबाएवढ्या गारा आपटत असतात. वळिवाच्या सरी पाहत वाढलेल्या आपल्या डोळ्यांना तो ढग ओळखीचा वाटतो आणि तिथेच आपली गफलत होते. या मैदानांवरची वादळे गारा, घरांची छपरे उचलणारा वारा आणि कधी कधी टोर्नॅडोही घेऊन येतात.

असा ढग चिघळणार की विरणार, याची एक खूण त्याच्या पोटातल्या विजा देतात. त्या विजा आता ३५,७८६ किलोमीटर उंचीवरून अखंड मोजल्या जातात आणि ती मोजणी कोणालाही फुकट पाहता येते. ती वाचायची कशी, याची ही कृती. एकच सूत्र सुरुवातीलाच मनात पक्के करा: किती विजा चमकल्या यापेक्षा त्यांचा वेग किती झपाट्याने बदलला, हे महत्त्वाचे. वैद्य नाडी पाहताना ठोके मोजतोच, पण त्याचे लक्ष गतीतल्या बदलाकडे असते. इथेही तसेच करायचे आहे.

काय लागेल

- इंटरनेट असलेला संगणक. मोबाइलच्या पडद्यावर बारकावे सुटतात.
- ‘गोज’ या अमेरिकी हवामान उपग्रहांची चित्रे. नोआ या अमेरिकी सरकारी संस्थेच्या ‘गोज इमेज व्ह्यूअर’वर किंवा कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील सिरा संस्थेच्या ‘स्लायडर’वर ती मिळतात.
- रडारची चित्रे दाखवणारे एखादे संकेतस्थळ किंवा अ‍ॅप.
- एक वही, पेन्सिल आणि हिशेबासाठी एक्सेल.
- नोआचा वेदर रेडिओ, किंवा धोक्याचे संदेश सुरू ठेवलेला फोन. हा नसेल तर पुढची कृती करू नका. ही कृती सरकारी इशाऱ्याला जोड म्हणून आहे, त्याची जागा ती घेऊ शकत नाही.

आधी हे समजून घ्या

वादळी ढगाचे इंजिन म्हणजे त्यातला वर चढणारा हवेचा झोत. हा झोत दमट हवा गोठणपातळीच्या खूप वर नेतो. तिथे, साधारण उणे १० ते उणे २५ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात, बर्फाचे बारीक स्फटिक, साबुदाण्यासारख्या मऊ बर्फकण्या आणि शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब एकत्र नांदत असतात. कण्या आणि स्फटिक एकमेकांवर आपटतात, तेव्हा विद्युतभार विभागला जातो. हलके स्फटिक एक भार घेऊन वर जातात, जड कण्या दुसरा भार घेऊन मागे राहतात. या दोन थरांतला ताण असह्य झाला की वीज चमकते.

झोत जोरावला की कण्या वाढतात, टकरी वाढतात आणि विजांचा वेग चढतो. मोठ्या गारा पोसायलाही तोच झोत लागतो. म्हणून चमकांचा वेग अचानक उसळला, तर ढगाचे इंजिन आत्ताच तापले आहे असे समजावे. गारा जमिनीवर पोहोचायला अजून काही मिनिटे लागतात. आपल्याला हवा असलेला वेळ तो हाच.

ढगातून जमिनीवर पडणारी वीज आपल्या डोळ्यांत भरते. पण बहुतेक विजा ढगातल्या ढगातच चमकतात आणि झोताची खबर मुख्यतः त्याच देतात. उपग्रह वरून दोन्ही पाहतो, हा त्याचा मोठा फायदा. मात्र कोणती चमक जमिनीपर्यंत गेली, हे त्याला सांगता येत नाही.

दिवसरात्र विजा टिपण्यासाठी खास बनवलेले उपकरण उपग्रहावरून १९९५ मध्ये अवकाशात गेले. १९९७ मध्ये सोडलेल्या टीआरएमएम उपग्रहावरही तसेच उपकरण होते. पण हे उपग्रह खालच्या कक्षेत फिरत. एखादे वादळ टीआरएमएमच्या नजरेत जेमतेम दीड मिनिट राहायचे. दीड मिनिटात नाडी सापडते, तिचा बदल सापडत नाही. १९ नोव्हेंबर २०१६ रोजी गोज-१६ उपग्रह भूस्थिर कक्षेकडे निघाला आणि चित्र पालटले. त्याच्यासोबत गेलेले आणि पुढच्या गोज उपग्रहांवरही बसवलेले जीएलएम, म्हणजे ‘जिओस्टेशनरी लाइटनिंग मॅपर’, अर्ध्या पृथ्वीगोलाकडे दर सेकंदाला ५०० वेळा पाहते. विजेने तापलेला ऑक्सिजन ज्या ७७७.४ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सोडतो, तेवढाच ते टिपते. त्यामुळे भर उन्हातही चमक वेगळी काढता येते.

पायरी १ : सकाळी दिवसाचा अंदाज पाहा

ओक्लाहोमातील नॉर्मन येथे नॅशनल वेदर सर्व्हिसचे ‘स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर’ आहे. ते रोज देशभराचा वादळी अंदाज पाच चढत्या पातळ्यांत देते: मार्जिनल, स्लाइट, एन्हान्स्ड, मॉडरेट, हाय. तुमचा भाग यांपैकी कशात बसतो ते वहीत लिहा. अमेरिकेत २.५ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गार, ताशी ९३ किलोमीटर किंवा अधिक वेगाचा वारा, किंवा टोर्नॅडो देणारे वादळ ‘तीव्र’ ठरते. आपण ज्याची चाहूल घेणार आहोत, ते हेच.

वेळेचा घोटाळा इथेच मिटवा. उपग्रहाच्या चित्रांवर जागतिक प्रमाणवेळ असते. उन्हाळी वेळ चालू असताना डॅलस किंवा विचिटामध्ये त्या वेळेतून ५ तास वजा करावे लागतात. चित्रावर ००:०० दिसले, तर आपल्याकडे आदल्या तारखेच्या संध्याकाळचे सात वाजलेले असतात.

पायरी २ : योग्य उपग्रह निवडा

रॉकी पर्वतांच्या पूर्वेला राहत असाल तर ‘गोज-ईस्ट’ उघडा. तो ७५.२ अंश पश्चिम रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर आहे. ७ एप्रिल २०२५ पासून ही जागा गोज-१९ सांभाळतो. कॅलिफोर्निया, ॲरिझोना, नेवाडाकडच्यांनी ‘गोज-वेस्ट’, म्हणजे गोज-१८ पाहावा. उपग्रहाच्या नजरेत आपण जितके मध्याजवळ, तितके चित्र बारीक. त्याच्या बरोबर खाली जीएलएमचा एक ठिपका सुमारे ८ किलोमीटरचा असतो, कडेला जाता जाता तो १४ किलोमीटरपर्यंत पसरतो.

पायरी ३ : तीन चित्रांची ओळख करून घ्या

जीएलएम आधी सुटे प्रकाशठिपके टिपते. एकाच क्षणी शेजारी शेजारी उजळलेले ठिपके मिळून एक गट होतो. वेळेने आणि अंतराने जवळ असलेले गट मिळून एक ‘चमक’ ठरते. या चमकांपासून तीन उपयोगी चित्रे तयार होतात.

- चमकांची दाटी (फ्लॅश एक्स्टेंट डेन्सिटी): ठरावीक वेळात नकाशाच्या प्रत्येक चौकटीतून किती चमका गेल्या, हे यात दिसते. आपले मुख्य चित्र हेच.
- चमकेचा लहानात लहान आकार (मिनिमम फ्लॅश एरिया): त्या चौकटीतून गेलेल्या चमकांपैकी सर्वांत लहान चमक किती पसरली होती, हे यावरून कळते.
- प्रकाशऊर्जेची बेरीज (टोटल ऑप्टिकल एनर्जी): एकूण उजेड किती, हे यात असते.

पहिले काही दिवस फक्त चमकांची दाटी पाहा. डोळा बसला की बाकीची दोन जोडा.

पायरी ४ : एकच वादळ धरा

इथे बरेच जण चुकतात. संपूर्ण राज्यावरच्या विजा एकत्र पाहिल्या, तर दहा वादळांचे ठोके एकमेकांत मिसळतात. अवरक्त चित्रात ढगाचा सर्वांत थंड माथा शोधा, रडारवर त्याच्या खालचा गाभा शोधा आणि त्याभोवती मनाने एक चौकट आखा. वादळ सरकेल तशी चौकटही सरकवा. दोन वादळे एकमेकांत मिसळली, तर आधीचा हिशेब तिथेच थांबवा आणि नव्याने मोजणी सुरू करा. दोघांची बेरीज होऊन आकडा फुगतो आणि ती उसळी खोटी ठरते.

एक तिरकेपणाही लक्षात ठेवा. उपग्रह मध्य ओक्लाहोमाकडे आग्नेयेकडून, तिरपा पाहतो. १५ किलोमीटर उंचीवरचा ढगमाथा त्यामुळे नकाशावर सुमारे १५ किलोमीटर वायव्येला सरकलेला दिसतो. चमकांची दाटी आणि उपग्रहाचे ढगचित्र सारखेच सरकलेले असल्याने एकमेकांवर बरोबर बसतात. रडारशी किंवा रस्त्याच्या नकाशाशी ताडून पाहताना मात्र हे अंतर वजा करा. ‘वीज अजून पलीकडच्या गावावर आहे’ असे वाटते, तेव्हा ती आपल्या डोक्यावर आलेली असू शकते.

पायरी ५ : दर दोन मिनिटांनी वेग नोंदवा

थोडे प्रोग्रॅमिंग येत असेल तर मूळ आकडेच घ्या. जीएलएमची फाइल दर २० सेकंदांनी तयार होते आणि ॲमेझॉनच्या सार्वजनिक साठ्यात विनामूल्य मिळते. अशा सहा फायली म्हणजे दोन मिनिटे. आपल्या चौकटीत पडलेल्या चमका मोजा आणि दोनाने भागा. हा झाला दर मिनिटाचा वेग.

प्रोग्रॅमिंग येत नसेल तरी अडत नाही. चमकांच्या दाटीच्या चित्रात गाभ्याचा सर्वांत गडद रंग रंगपट्टीवर ताडून त्याचा आकडा प्रत्येक नव्या चित्राला वहीत लिहा. यावरून पुढच्या पायरीतला काटेकोर हिशेब जमणार नाही, पण चढ-उतार नक्की कळेल.

पायरी ६ : उसळी खरी की खोटी, ते तपासा

चमकांचा वेग थोडाफार खालीवर होतच असतो. नेहमीची धडधड कोणती आणि दचकून वाढलेली कोणती, हे ठरवायला ख्रिस्तोफर शुल्ट्झ, वॉल्टर पीटरसन आणि लॉरेन्स कॅरी यांनी २००९ आणि २०११ मध्ये एक कसोटी मांडली. तिला ‘टू सिग्मा’ म्हणतात. कसोटी अशी:

१. दर दोन मिनिटांच्या वेगातून आधीचा वेग वजा करा आणि दोनाने भागा. हा झाला बदलाचा दर.
२. आत्ताचा सोडून मागचे पाच बदलाचे दर घ्या आणि त्यांचे प्रमाण विचलन काढा. एक्सेलमध्ये त्यासाठी तयार सूत्र असते.
३. त्या विचलनाची दुप्पट करा.
४. आत्ताचा बदलाचा दर या दुपटीपेक्षा जास्त असेल आणि वेग मिनिटाला किमान १० चमका असेल, तर ती उसळी खरी.

सरावासाठी एक काल्पनिक उदाहरण करू. समजा दर दोन मिनिटांनी नोंदवलेला वेग असा आहे: ८, १०, ९, १२, १३, १४. बदलाचे पाच दर येतात: १, उणे ०.५, १.५, ०.५, ०.५. त्यांचे प्रमाण विचलन सुमारे ०.६६, दुप्पट १.३३. पुढच्या नोंदीला वेग २० झाला. बदलाचा दर (२० − १४) ÷ २ = ३. तीन हा १.३३ पेक्षा दुपटीहून जास्त आहे, वेगही दहाच्या पुढे आहे. उसळी खरी. घड्याळ पाहा आणि वेळ लिहा. त्याऐवजी पुढची नोंद १६ आली असती, तर बदलाचा दर १ निघाला असता आणि आपण शांत बसलो असतो. दोन्ही वेळी आकडा वाढलाच होता. फरक वाढीच्या झपाट्यात होता.

एक सावधगिरी इथे हवी. मूळ कसोटी विजांच्या रेडिओलहरी टिपणाऱ्या जमिनीवरच्या यंत्रणांवर बेतलेली आहे आणि त्या यंत्रणांना उपग्रहापेक्षा जास्त चमका दिसतात. म्हणून जीएलएमच्या आकड्यांवर मिनिटाला १० ही अट दगडावरची रेघ मानू नका. आपल्या भागातली पाच-सहा वादळे वहीत उतरवली की तुमची तुम्हालाच पातळी सापडेल.

पायरी ७ : चमका लहान होत आहेत का, ते पाहा

जोरदार झोतात हवा घुसळली जाते, विद्युतभाराचे छोटे छोटे कप्पे होतात आणि चमका लहान पण भराभर होतात. झोतापासून दूर, पसरट ढगात त्या लांबलचक आणि विरळ असतात. तिथे एकच वीज अवाढव्य अंतर कापू शकते: २२ ऑक्टोबर २०१७ रोजी अमेरिकेच्या मैदानांवर एक चमक ८२९ किलोमीटर पसरली आणि तिची लांबी गोज-१६ च्या नोंदींतूनच सिद्ध झाली.

म्हणून चमकांची दाटी वाढते आहे आणि त्याच जागी लहानात लहान आकार आणखी कमी होतो आहे, अशी जोडी दिसली तर झोत तिथेच आहे आणि जोरात आहे. दाटी कमी आणि आकार मोठा असेल, तर तो वादळाचा पसरलेला शेवट असण्याची शक्यता जास्त. पण त्या शेवटातली एखादी लांब वीज पाऊस थांबलेल्या मैदानावर पडू शकते. धोका आहेच, फक्त त्याची जात वेगळी.

पायरी ८ : दुसरा साक्षीदार बोलवा

केवळ नाडीवरून रोगाचे नाव ठरत नाही. शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी ७११ वादळांवर कसोटी लावली, तेव्हा तीव्र घटनांपैकी ७९ टक्के आधी पकडल्या गेल्या आणि सरासरी २० मिनिटांचा अवधी मिळाला. पण ३६ टक्के इशारे पोकळ निघाले. म्हणजे तिनांतल्या एकाहून जास्त. म्हणून उसळी दिसली की लगेच हे तपासा:

- उपग्रहाच्या चित्रात सपाट ढगमाथ्याला भेदून वर आलेला फुगा दिसतो का?
- रडारवर गाभा उंच चढला आहे का, गारांचा अंदाज वाढला आहे का, वेगाच्या चित्रात फिरकी दिसते का?
- विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या सिम्स संस्थेचे ‘प्रॉबसिव्हिअर’ त्या वादळाला किती टक्के शक्यता देते? रडार, उपग्रह, भोवतालची हवा आणि विजा एकत्र करून ते हा आकडा काढते.

तीनांपैकी दोन साक्षी जुळल्या, तर उसळी गांभीर्याने घ्या.

पायरी ९ : हालचाल करा आणि पाऊण तास सोडू नका

खऱ्या उसळीनंतर ४५ मिनिटे त्या वादळावर नजर ठेवा. मूळ कसोटीत पडताळणीची मुदत हीच आहे. वादळ तुमच्या दिशेने येत असेल तर पहिल्या पाच मिनिटांत गाडी छपराखाली घ्या, मुलांना मैदानावरून घरात बोलवा, चपला आणि विजेरी जवळ ठेवा. ‘वॉच’ जाहीर झाला तर परिस्थिती तयार आहे, असा अर्थ. ‘वॉर्निंग’ आली की वादळ दिसले आहे किंवा रडारवर सापडले आहे. टोर्नॅडोची वॉर्निंग आली तर वही तिथेच ठेवा आणि सर्वांत खालच्या मजल्यावरच्या, खिडकी नसलेल्या आतल्या खोलीत जा. टेक्सासच्या बहुतेक घरांना तळघर नसते. तिथे आतले न्हाणीघर किंवा कपाटाची खोली चालते.

या चार चुका टाळा

*उतार म्हणजे सुटका समजणे.* ही चूक मी स्वतः केली आहे. इथल्या दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी चमकांचा वेग झरझर उतरताना पाहून मी गॅरेजचे दार उघडून बाहेर उभा राहिलो. दहा मिनिटांत गारांनी आमच्या शेजाऱ्यांच्या काचा फुटल्या. झोत ढासळतो तेव्हा विजा कमी होतात खऱ्या, पण त्याने वर तोलून धरलेले सगळे ओझे त्याच वेळी खाली येते. काही ‘सुपरसेल’, म्हणजे फिरत्या झोताच्या, वादळांत टोर्नॅडो उतरण्याच्या सुमाराससुद्धा चमका कमी झालेल्या आढळल्या आहेत.

*विजा दिसत नाहीत म्हणून वादळ सौम्य मानणे.* कोलोरॅडो, नेब्रास्का आणि पश्चिम कॅन्ससच्या उंच मैदानांवर काही वादळांत चमका ढगाच्या खालच्या भागात होतात. वरच्या दाट ढगातून त्यांचा उजेड उपग्रहापर्यंत नीट पोहोचत नाही. मोठ्या गारांचे वादळ तिथे जीएलएमला फिके दिसू शकते. या भागात रडारला पहिला मान द्या.

*दिवसाची आणि रात्रीची तुलना करणे.* उन्हात मंद चमका हरवतात, अंधारात त्या सापडतात. सूर्यास्ताच्या सुमारास आकडा वाढला, तर वादळ वाढले की अंधार, हे आधी विचारा.

*आकडे पाहत अंगणात उभे राहणे.* गडगडाट ऐकू येत असेल तर वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते. आत जा. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून ३० मिनिटे आतच राहा.

आणि महाराष्ट्रात?

गोज उपग्रहांच्या नजरेत भारत येत नाही आणि आपल्या इन्सॅट मालिकेतील हवामान उपग्रहांवर विजा मोजणारे असे उपकरण नाही. आपल्याकडे हे काम जमिनीवरच्या जाळ्यातून होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने असे जाळे उभारले आणि त्यावर ‘दामिनी’ अ‍ॅप तयार केले. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेच्या वळिवात शेतावर असलेल्या माणसाला जवळपासच्या विजांची खबर ते फोनवर देते. भारतात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे वीज पडून मरतात, आणि त्यांत शेतात राबणाऱ्यांची संख्या मोठी असते. परदेशातून गावी फोन कराल तेव्हा आईवडिलांच्या, भावाच्या, सालगड्याच्या फोनवर ‘दामिनी’ आहे का, हे एकदा विचारा. नसेल तर बोलता बोलताच ते घालायला लावा.

आणि तुम्ही जिथे असाल तिथे आजच वहीचे पहिले पान काढा. येत्या पाच वादळांची नोंद करा: उसळीची वेळ, गार किंवा वारा आल्याची वेळ, मधली मिनिटे. त्या मिनिटांत घरातले प्रत्येक माणूस कुठे जाईल, हे त्याच पानावर खाली लिहून भिंतीला लावा.